छावणीवरचा सिनेमा

नगरच्या थिएटरातून दुपारचा खेळ सुटला, तेव्हा मी बायकोला सावलीत उभं केलं आणि पान आणायच्या निमित्तानं गर्दीत रेंगाळलो. मला पानाची सवय नव्हती. लोक काय बोलतात ते ऐकायचं होतं.

लोक खूश होते. कॉलेजातली दोन पोरं सिनेमातल्या मंत्र्याच्या चालण्याची नक्कल करत पायऱ्या उतरत होती. एक वकील काळा कोट हातावर टाकून सोबत्याला म्हणत होते, "बरी जिरवली. कुणीतरी जिरवायलाच पाहिजे होती." सोबती बहुधा कुठल्यातरी कचेरीतले असावेत. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण अतिशयोक्ती किती! छावणीत दाखवायला म्हणून दुसरीकडून बैल आणतात, त्यांची शिंगं रंगवतात. असं कुठं असतं?"

"सत्य घटनेवर आधारित, असं लिहिलंय की पोस्टरवर."

"ते गिऱ्हाईक यावं म्हणून लिहितात हो."

मी परतलो तेव्हा माझ्या बायकोजवळ उभी असलेली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "मला बाई ती बादली! त्या बादलीच्या वेळी पोटात कळ आली हसून." माझी बायकोही म्हणाली, "खरंच. आणि तो कारकून बोलतो कसा, अगदी तुमच्यासारखा."

मी हसलो. तो कारकून मीच होतो, हे तिला माहीत नव्हतं. छावणीची गोष्ट तिनं माझ्या तोंडून ऐकली होती, पण त्यात माझं काम काय होतं ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मी तेव्हा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझी नेमणूक मिरजगावच्या पुढं एका माळावर उघडलेल्या गुरांच्या छावणीत झाली. आसपासच्या गावांतले शेतकरी आपापली जनावरं घेऊन तिथं येऊन राहिले होते. बायका मागं राहून खडी फोडायच्या कामावर जात, आणि गडी इथं जनावरांपाशी. चारा यायचा कधी, कधी नाही यायचा. पाण्याचा टँकर दिवसाआड. सकाळी उठून बसलेली जनावरं उभी करायची, हे माझं पहिलं काम. चार माणसं शेपटाकडून आणि चार पोटाखाली दोर घालून उचलायची. जे उभं राहिलं ते त्या दिवसापुरतं वाचलं. छावणीतली माणसं मला डाक्टर म्हणायची. मी एकदा सांगून पाहिलं की मी डॉक्टर नव्हे, पण त्यांना त्यानं काही फरक पडत नव्हता.

वैशाखात निरोप आला की मंत्री छावणी बघायला येणार. छावणीचे साहेब दोन दिवस झोपले नाहीत. मग त्यांनी तोड काढली. उत्तरेकडं, राहात्याच्या बाजूला कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, जनावरं धष्टपुष्ट होती. तिथून ट्रक भरून बैल आणायचे आणि छावणीत बांधायचे. इथली जनावरं तेवढ्या वेळापुरती टेकडीमागच्या ओढ्यात नेऊन ठेवायची. मंत्री गेले की जिथली तिथं.

तसंच झालं. पहाटे राहात्याकडचे बैल उतरले. मी आणि एका शिपायानं त्यांची शिंगं हिंगुळानं रंगवली. इथली गुरं त्याआधीच माळावरून हलवली होती. चालत गेली ती गेली. एका शेतकऱ्याची गाय उठलीच नाही. मग तिला गाडीत घालून नेली, आणि ओढ्यात गाडी उतरेना म्हणून बाकीच्यांपासून बरीच अलीकडं, वळणावर एका बाभळीखाली उतरवली. तो शेतकरी तिच्याजवळ थांबला. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. गाय दुभती नव्हती, काही नव्हती. पण सकाळी तिला उभी करताना तो तिच्या डोक्याकडं बसायचा आणि तिच्या कानात काहीतरी सांगत राहायचा.

साहेबांनी मला हौदापाशी उभं केलं. टँकरनं हौद काठोकाठ भरला होता. "मंत्र्यांनी बघेपर्यंत हात लावू द्यायचा नाही कुणाला. एक बोट खाली गेलं तरी कळतं," साहेब म्हणाले. मंत्री दहाला यायचे होते. दहाचे बारा वाजले.

बाराच्या सुमाराला तो शेतकरी रिकामी बादली घेऊन आला. ओढ्यापासून हौद मैलभर असेल.

"डाक्टर, येक बादली द्या. गाईनं जीभ काढलीया."

"आत्ता नाही. गाड्या सुटल्यात तिकडून. ते बघून गेले की दोन बादल्या न्या."

"किती येळ लागंल?"

"हे आत्ता येतील."

तो गेला. दोनच्या पुढं पुन्हा आला. या खेपेला त्यानं काही मागितलं नाही. बादली हौदाच्या कडेला टेकवली आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते. माझ्याभोवती राहात्याकडचे बैलवाले होते, दोन पोलीस होते, कचेरीतली माणसं होती. छावणीतलं दुसरं कुणी नव्हतं. मीही उन्हानं आणि वाट बघण्यानं वैतागलो होतो. मी मोठ्यानं म्हणालो, "का हो, मंत्र्यांच्या आधी तुमच्या गाईनं पाणी प्यायचं म्हणता?"

सगळे हसले. तोही हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. आपल्यावर हसणाऱ्यांत उभा राहिलेला माणूस हसतो तसा. मग बादली उचलून तो टेकडीकडं चालायला लागला. तो स्वतः पाणी प्याला का, हे मी विचारलं नाही. गायीसाठी नसेल, पण माणसासाठी तांब्याभर पाणी काढलं असतं तर हौदाचं पाणी बोटभरसुद्धा खाली गेलं नसतं.

मंत्री चारनंतर आले. वीस मिनिटं थांबले. हौदात हात बुडवून बघितला, एका बैलाला गूळ भरवला आणि छान म्हणाले. बैलाला गुळाची सवय होती. तो दावं तोडून मोटारीपर्यंत त्यांच्या मागं गेला.

संध्याकाळी ओढ्यातून बोलावणं आलं. मेलेल्या गुरांची नोंद करायची होती. वळणावर गाय मेलेली होती आणि तिच्या पोटाला टेकून तो बसलेला होता. म्हणजे बसल्यासारखा दिसत होता. शेजारी बादली. खालच्या अंगाला बाकीच्यांनी दिवसभर ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून थोडं गढूळ पाणी काढलं होतं आणि त्यावर आपापली जनावरं कशीबशी जगवली होती. त्यांच्यातलाच एकजण, या माणसाचा सख्खा धाकटा भाऊ, मोठमोठ्यानं बोलत होता. "आमी समदी वाळू उकरतोय आन ह्यो बाभळीखाली निजला! हाक मारली तरी आला न्हाई. उठून चार पावलं आला असता तर गाय बी जगली असती आन ह्यो बी." तो रडत होता आणि शिव्या देत होता. बाकीचे माना हलवत होते. हाक मारली तेव्हा भाऊ बाभळीखाली नव्हताच, हौदाच्या वाटेवर होता, हे फक्त मला माहीत होतं.

मी बोललो नाही. गायीची नोंद केली. मरणाचं कारण, अशक्तपणा. माणसाचा पंचनामा पोलिसांनी केला, ऊन लागून. मी रात्री जेवलोसुद्धा.

पाऊस झाला, छावणी मोडली, मी नगरला दवाखान्यात परत आलो. एस.टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात आम्ही चार-पाच नोकरदार संध्याकाळी चहाला बसायचो. एकदा कुणीतरी दुष्काळाचा विषय काढला आणि मी राहात्याच्या बैलांची गोष्ट सांगितली. रंगवलेली शिंगं, गूळ, मोटारीमागं धावणारा बैल. सगळे खो खो हसले. मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा सांगितली. सांगता सांगता गोष्टीत बादलीवाला शिरला. पहिल्या खेपेला तो येतो, मी म्हणतो आत्ता येतील. दुसऱ्या खेपेला येतो, मी म्हणतो मंत्र्यांच्या आधी का? दोन खेपांवर हसू अर्धंच राहतं. म्हणून मी तिसरी जोडली. तिसऱ्यांदा तो येतो तेव्हा बादलीऐवजी घागर आणतो. शेवटी तो कुठं जातो, हे माझ्या गोष्टीत नव्हतं. मंत्री आले की बादलीवाला गोष्टीतून नाहीसा व्हायचा, आणि कुणी विचारायचंही नाही.

त्या हॉटेलात तमाशासाठी वग लिहिणारे एक गृहस्थ यायचे. सिनेमावाल्यांकडंही त्यांचं जाणं-येणं होतं. त्यांनी ती गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी टिपून घेतलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढं दीडेक वर्षानं सिनेमा आला. कंपाउंडरचा कारकून केला होता, पण घागर होती, तिसरी खेप होती, माझं वाक्य जसंच्या तसं होतं. चौथी खेप त्यांनी वाढवली होती, तीत कारकून स्वतःच हौदात पडतो. शेवटी गुरं ओढ्यातून परत येतात, हौदावर पाणी पितात, सगळे नाचतात.

नगरच्या एका पेपरात सिनेमाबद्दल वाचकांची पत्रं छापून येऊ लागली. मी ती कापून ठेवत होतो. बहुतेकांनी वाखाणलं होतं. एका शिक्षकानं मात्र लिहिलं होतं की सिनेमा चांगला आहे, पण बादलीचा प्रसंग पटत नाही, आपल्याकडं तहानेल्याला पाणी नाही म्हणणारा माणूस सापडणार नाही. ते पत्र वाचून मी कात्रणं कपाटात टाकली आणि परत काढली नाहीत.

तोच सिनेमा फिरत फिरत तालुक्याच्या पत्र्याच्या थिएटरात लागला, तेव्हा माझी बाजाराच्या दिवशी त्या भागात ड्यूटी असायची. बैलबाजारात जनावरं तपासायची, टोचायची. छावणीतलेच दोघंतिघं भेटले आणि म्हणाले, "डाक्टर, आपला शिनेमा आलाय म्हनं. दुपारच्याला समदं गाव चाललंय." त्यांच्यात तो धाकटा भाऊ होता. मागं, जरा अंतर ठेवून, मेलेल्याची बायको उभी होती. तिला मी एकदाच, पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी बघितलं होतं. ती आता दिराच्या घरात राहत होती.

मी जायला नको होतं. पण खरं सांगायचं तर मला त्यांचं मत हवं होतं. शहरातले हसले होते ते मला पुरत नव्हतं. ज्यांच्यावर हे बेतलं ते हसले की सुटलो, असं काहीतरी माझ्या मनात असावं. मी दाराजवळच्या बाकावर बसलो.

सुरुवातीला ते सगळ्यांपेक्षा जोरात हसले. "आरं, आपलीच छावनी की!" "बैल चुकलं, ते खिल्लार हुतं, ह्ये कसलं तांबडं?" "सायेब लई ब्येस घेतलाय, असाच कावायचा." पत्र्याखाली उकाडा मी म्हणत होता, माणसं घामानं निथळत होती, तरी शिट्ट्या वाजत होत्या. मग बादली आली. पहिल्या खेपेला गावाची बाकं हसली. दुसऱ्या खेपेला कारकून ते वाक्य म्हणाला. सगळं थिएटर हशानं दणाणलं, पण त्या तीन-चार बाकांवरून आवाज येईना. मी अंधारात बघत होतो. तिसरी खेप झाली, घागर आली, लोक बाकं बडवायला लागले. बायकांच्या बाजूला ती बाई उठून उभी राहिली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ए बाई, खाली बस!" ती बसली नाही. दारातून बाहेर गेली.

खेळ संपल्यावर गाव लिंबाखाली जमलं. एकजण म्हणाला, "पिच्चर चांगला हाय. निस्तं शेवटाला गुरं परत येत्यात ते खोटं." दुसरा म्हणाला, "आपल्या गावाचं नाव घालाया पायजे हुतं." धाकटा भाऊ जरा बाजूला उभा होता. ती बाई बुंध्याला टेकून बसली होती. मी सायकलकडं वळलो तशी तिनं हाक मारली.

"डाक्टर, त्ये हौदापाशी तुमी हुता ना?"

"होय."

"मंग त्ये बादलीचं खरं हाय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. सिनेमात काय, काहीही दाखवतात.

"खरं आहे," मी म्हणालो.

"तीनदा आल्ते?"

"दोनदा. तिसरी खेप मी घातली."

"मंजी?"

"हसू यावं म्हणून."

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिनं पदर तोंडाशी धरला. ती रडेल असं मला वाटलं, पण ती दिराकडं वळली आणि अगदी हळू म्हणाली, "दोनदा आल्ते. ऐकलं का? दोनदा. निजलं नव्हतं त्ये." दोन वर्षं त्या घरात तिनं काय ऐकलं असेल ते मला तेव्हा समजलं. आळशी माणसाची बायको. नवरा सावलीला निजला आणि गाय घालवून बसला.

दिरानं मान वर केली नाही. ती मला म्हणाली, "हितं नगं. गावात चला आन समद्यांम्होरं सांगा."

मी त्यांच्याबरोबर एस.टी.नं गेलो. माझ्या शेजारची जागा गाडी भरलेली असून रिकामी राहिली. दिवस मावळायच्या आत पोचलो. मारुतीच्या देवळापुढं माणसं गोळा झाली, आणि मी ती गोष्ट पहिल्यांदा नीट सांगायला लागलो. मला ती तशी सांगायची सवयच नव्हती. शिंगं रंगवल्याचं सांगितलं तिथं दोन-तीन पोरं हसली, कारण दुपारीच त्यांनी ते पडद्यावर बघितलं होतं. माझ्या हाताला नको तिथं हातवारे करायची खोड लागलेली. मी हात मागं बांधले. दोन खेपा सांगितल्या. मी काय बोललो ते सांगितलं. कोण कोण हसलं ते सांगितलं. त्याच्या ओठांचं सांगितलं, आणि संध्याकाळी मी गप्प राहिलो तेही.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तवाच का बोलला न्हाईत?"

"भ्यालो."

"कुनाला?"

साहेबांना भ्यालो होतो, नोकरीला भ्यालो होतो, पण त्या देवळापुढं ते सांगण्याजोगं वाटेना. म्हातारा म्हणाला, "आता पिच्चर निघाला म्हनून बोलताय. न्हाई तर न्हाईच." हे खरं होतं. कुणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. धाकटा भाऊ उठला, भावजयीपुढं येऊन थांबला आणि मग घराकडं गेला. माणसं एकेक करून उठली. मला कुणी राम राम केला नाही. ती बाईसुद्धा उठून गेली. तिला माझ्याकडून हवं होतं ते मिळालं होतं, आणि बाकी माझ्याशी तिला काही घेणं नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आणि मी किती हसले हो." त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात त्या सिनेमाचा विषय निघाला नाही. मी पेपरला पत्र लिहिलं. बादलीचा प्रसंग खरा आहे, पाणी नाही म्हणणारा मी, तो माणूस त्याच संध्याकाळी गेला, असं. ते छापलं नाही. मी विचारायला गेलो तेव्हा तिथले गृहस्थ सभ्यपणे म्हणाले की त्या सिनेमाचा पत्रव्यवहार आता बंद केलाय, दुसरा सिनेमा लागलाय, आणि शिवाय हे पत्र विनोदी सिनेमावरच्या मतात बसत नाही. हॉटेलातल्या मंडळींना खरं सांगितलं तर एकजण म्हणाला, "जाऊ द्या हो, मूळ गोष्टच चांगली होती." मी तिथं बसणं सोडलं.

त्या बाईला मी त्यानंतर एकदा बघितलं. मिरजगावच्या बाजारात ती एक कालवड विकायला घेऊन आली होती. बरोबर दीर होता, पण कासरा तिच्या हातात होता. गिऱ्हाइकानं कालवडीच्या पायाबद्दल शंका काढली, तेव्हा तिनंच मला बोलावलं. मी पाय दाबून बघितला, खुरं बघितली, दोष काही नव्हता. तसं मी गिऱ्हाइकाला सांगितलं. त्यानं तिच्याकडं बघून विचारलं, "डाक्टर तुमच्या वळकीचं हायेत काय?"

"वळखते," ती म्हणाली. "पर आता खोटं बोलायचं न्हाईत त्ये."

एवढं बोलून तिनं कालवडीचं तोंड गिऱ्हाइकाकडं वळवलं आणि दाताचं काय ते दाखवायला लागली. मी पुढच्या जनावराकडं गेलो.